अहिरेंचा डावा हात

भास्कर अहिरे बॉल टाकायच्या आधी एकदा आभाळाकडे बघायचे. समोरच्या संघाला वाटायचं, माणूस देवाचं नाव घेतोय. सिडकोकडच्या एका बॅट्समननं एकदा तसं विचारलंही. अहिरे म्हणाले, "नाही हो, वारा बघतो. देव तुमच्याकडेही असेल, माझ्याकडेही असेल. वारा एका वेळी एकाच बाजूचा असतो."

पुढच्याच बॉलवर तो बॅट्समन पुढे आला, चुकला आणि मी मागे स्टंप उडवले. जाता जाता तो स्वतःच आभाळाकडे बघून गेला.

इंदिरानगरात आमचा रविवारचा संघ होता. चाळिशी ओलांडलेले, पोटं सुटलेले, गुडघ्याला पट्टा बांधणारे अकरा-बारा जण. कॅप्टन जाधव, त्यांचं टाइल्सचं दुकान. मी कीपर, माझं चष्म्याचं दुकान. अहिरे एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळायचे. मूळचे नामपूरचे. पंचवीस वर्षं नाशकात राहूनही त्यांच्या बोलण्यातला बागलाणी हेल गेला नव्हता, पण बोलायचे मात्र जपून, कार्यालयातल्या मराठीत. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "कीपरभाऊ" म्हणत, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी.

ते डावखुरे स्लो बॉलर. चार पावलांचा रनअप, पाचव्याला हात वर. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस बसस्टॉपवर उभा होता, सहज हात दाखवून गेला. पण बॉल हवेत जरा जास्तच वेळ राहायचा आणि बॅट्समनला वाटायचं त्याच्या हातभर अलीकडे पडायचा. मी मागे बसून तो बॉल वर्षानुवर्षं पाहिला आणि तरी दर वेळी थोडा फसलो.

"बॉल टाकायचा नसतो, कीपरभाऊ," ते सांगायचे. "सोडायचा असतो. जास्त धरला की रुसतो."

लिहायचे मात्र उजव्या हातानं. लहानपणी डाव्या हातानं पाटीवर लिहायला लागले तेव्हा गुरुजींनी पट्टीनं मारून ते उजव्या हातात आणलं. जेवणही आईनं उजव्या हातात आणलं. "बॉलिंग तेवढी कुणाच्या लक्षात आली नाही," असं ते हसून सांगायचे. त्यामुळे की काय, त्या हाताला फार जपायचे. पिशवी उजव्या हातात, गाडीची किल्ली उजव्या हातात, दारात बोट चेंगरू नये म्हणून डावा हात खिशात. सुनंदावहिनी म्हणायच्या, "आमच्या घरात डाव्या हाताला जावयाचा मान आहे. कधी नारळ फोडणार नाही, कधी पाण्याचा हंडा उचलणार नाही."

कार्यालयात त्यांच्या मागून लागलेली माणसं पुढे गेली. मुलगी शिकायला पुण्याला गेली ती तिकडेच नोकरीला लागली. अहिरे याबद्दल तक्रार करत नसत, पण रविवारी सकाळी मैदानात शिरताना त्यांची चाल वेगळी व्हायची एवढं मी पाहिलं आहे. आठवड्यातून त्या एका सकाळी लोक त्यांची वाट बघत असायचे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अंबडच्या एका कारखान्याच्या संघाशी मॅच होती. त्यांना जिंकायला थोडेच रन हवे होते आणि त्यांचा सगळ्यात चांगला बॅट्समन खेळत होता. अहिरेंचा बॉल त्याच्या पॅडला घासून माझ्या ग्लोव्हजमध्ये आला. मी जीव तोडून ओरडलो. अंपायरनं बोट वर केलं. बॅट्समन बिचारा निघाला. अहिरे मधे उभे राहिले आणि म्हणाले, "थांबा. बॅट लागली नाही, पॅड होतं." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "कीपरभाऊ, तुम्हाला माहीत होतं."

मला माहीत होतं. बॅट्समन परत आला आणि त्यानं दोन ओव्हरमध्ये मॅच संपवली. जाधव दोन रविवार अहिरेंशी बोलले नाहीत. अहिरेंना त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र ते वाक्य बरेच दिवस टोचत राहिलं.

हात गेला तो एका थंडीच्या सकाळी. बँकवाल्यांशी मॅच होती. अहिरेंची दुसरी ओव्हर. तिसरा बॉल त्यांच्या हातातून निघाला तो थेट माझ्या डोक्यावरून मागच्या जाळीला लागला. सगळे हसले. अहिरेही हसले. पुढचा त्यांच्याच पायाशी पडला आणि गडगडत निम्म्यावर येऊन थांबला. परत हशा. त्याच्या पुढचा पुन्हा माझ्या डोक्यावरून. मग हसणं कमी कमी होत गेलं. ती ओव्हर कशीबशी संपली. अहिरेंनी हात समोर धरला, उलटा करून पाहिला, पँटला पुसला. जाधव म्हणाले, "दव आहे, बॉल ओला झालाय." आम्ही सगळे म्हणालो, हो, दव आहे.

पुढच्या रविवारी मॅच दुपारची होती. ऊन होतं, बॉल कोरडा होता आणि तेच झालं.

डॉक्टर झाले. हाताचा फोटो काढला, खांद्याचा काढला. एका मोठ्या डॉक्टरांनी हात वाकवून, दाबून, बोटं मोजायला लावून सांगितलं, "हाताला काही झालेलं नाही."

"मग कुणाला झालंय?" अहिरेंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. असं होतं काही खेळाडूंना. कधी जातं, कधी नाही.

मग जो तो सांगायला लागला. एकानं मनगटाला लावायचं तेल दिलं. एकानं सांगितलं, त्र्यंबकला जाऊन एक पूजा घाला, अडलेलं सुटतं. अहिरे म्हणाले, "आमच्यात नाही बसत ते. आणि बसलं असतं तरी गुरुजींना काय सांगू? बॉल सुटत नाही म्हणून?" वहिनी नेमानं कॉलनीतल्या विहारात जायच्या. त्यांनी दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराचं मनावर घेतलं. अहिरेंनी कधी नव्हे ती रजा टाकली आणि इगतपुरीकडे गेले. दहा दिवस बोलायचं नाही, वाचायचं नाही, फोन नाही.

परत आले त्या संध्याकाळी आम्ही दोघं मैदानावर गेलो. चेहरा उतरला होता, पण शांत दिसत होते. पहिला बॉल टाकला. अगदी पूर्वीसारखा. हवेत थांबला, पडला, वळला. मी बॉल परत फेकला. दुसरा तसाच. तिसऱ्याला हात वर गेला आणि तिथेच राहिला. बोटं उघडलीच नाहीत. बॉल मुठीतच घेऊन ते क्रीजच्या पुढे आले आणि उभे राहिले.

"दहा दिवस काय केलंत तिकडे?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"श्वास बघितला."

"मग?"

"श्वास ठीक आहे," अहिरे म्हणाले.

संघात त्यांना बॉलिंग द्यायचं थांबलं. ते नुसते फील्डिंगला उभे राहायचे, बॅटिंगला अकराव्या नंबरवर जायचे. मग एक दिवस जाधव दुकानात आले. म्हणाले, "तुमचा त्यांचा घरोबा आहे. तुम्हीच सांगा त्यांना, आता पुरे. मला दुसरा स्पिनर मिळालाय, त्याला खेळवायचं तर कुणाला तरी बसवावं लागेल." मी म्हणालो, बघतो. महिनाभर मी बघतच राहिलो. रोज ठरवायचो, रोज राहायचं. शेवटी जाधवांनी मोबाइलवर संघाचा नवा ग्रुप केला. त्यात अहिरे नव्हते. जुना ग्रुप तसाच ठेवला, त्यात कुणी काही लिहीत नव्हतं. मी नव्या ग्रुपमध्ये होतो.

त्या रविवारी मॅच गंगापूर रोडकडच्या मैदानावर होती. पॅड बांधत असताना माझा फोन वाजला. अहिरेंचं नाव दिसलं. मी फोन पालथा करून पिशवीत टाकला.

संध्याकाळी ते दुकानात आले. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला झाला होता. मी चष्मा हातात घेतला. स्क्रू खरोखरच ढिला होता. मी तो घट्ट करत असताना त्यांनी विचारलं, "आज कुठे होती मॅच?"

मी सांगितलं.

"मी आपल्या मैदानावर गेलो होतो. साडेनऊपर्यंत बसलो. मला वाटलं, उशीर झाला सगळ्यांना." मग म्हणाले, "जाधवांचं मी समजू शकतो. त्यांना जिंकायचंय. कीपरनं तरी सांगायचं ना."

मी मान वर केली नाही. स्क्रू घट्ट झाल्यावरही फिरवत राहिलो. त्यांनी चष्मा घातला, आरशात बघितलं, "बरा झाला," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मला कळलं की ते रोज सकाळी सहा वाजता आमच्या मैदानाच्या कोपऱ्यात, भिंतीजवळ एक स्टंप रोवून एकटेच बॉलिंग करतात. चालायला येणारे लोक बघत बघत जातात. बॉल भिंतीवर जातो, बाहेर गटारात जातो, ते जाऊन घेऊन येतात. मी एक दिवस ग्लोव्हज घेऊन गेलो. स्टंपामागे जाऊन बसलो.  त्यांनी आभाळाकडे बघितलं आणि धावत आले. बॉल माझ्या उजवीकडून दहा फुटांवरून गेला. मी उठलो, आणला, परत दिला. असं रोज चालू झालं. माफी मागायची राहून गेली. बॉल आणून देण्यात ती आली, असं मी स्वतःला समजावत असे.

सुधारणा नव्हती. एखाद्या दिवशी लागोपाठ चार बॉल चांगले पडायचे. त्याचं नंतर फार वाईट वाटायचं. मी मोबाइलवर शोधून काहीबाही वाचलेलं असायचं. एकदा म्हणालो, "अहिरे, छोटं छोटं ध्येय ठेवा म्हणतात. आज दोन, उद्या तीन."

"ध्येय होतं तेव्हाच तर हात गेला," ते म्हणाले.

"मग रोज येता कशासाठी?"

त्यांनी बॉल पँटला पुसला. "माहीत नाही. न येता घरी बसलो की जास्त वाईट वाटतं. एवढंच माहीत आहे."

एका सकाळी, तीन-चार महिने झाल्यावर, बॉल पुन्हा पायाशी पडला तेव्हा ते खाली बसले. उजव्या हातानं डावं मनगट धरलं, दुसऱ्या कुणाचा हात धरावा तसं. आणि मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा अहिराणी ऐकली. "हाऊ हात मना नई शे, कीपरभाऊ." हा हात माझा नाही. ते रडत नव्हते. एखादी नोंद वाचून दाखवावी तसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आले ते बॉल उजव्या हातात घेऊन. "डाव्यानं सोडलं," म्हणाले. "उजवा बसूनच आहे इतकी वर्षं."

मला वाटलं गंमत करतायत. पन्नाशी उलटून पाच वर्षं झालेला माणूस उजव्या हातानं पहिला बॉल टाकत होता. पाय चुकत होते. खांदा चुकत होता. बॉल लहान मुलानं फेकावा तसा दोन-तीन टप्पे घेत यायचा. पण सुटत होता. दर वेळी सुटत होता! तेवढ्यावर ते दीड वर्ष राहिले. वहिनी सांगायच्या की जेवताना घास तसाच हातात धरून मनगट फिरवत बसतात. भाजी गार होते. पाऊस असला तर इमारतीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर टाकायचे, खालच्या मजल्यावरचे ओरडायचे. दीड वर्षानं त्या बॉलला टप्पा आला. वळत नव्हता, उंची नव्हती, पण जिथे टाकायचा तिथे पडत होता. कोणत्याही कॉलेजातल्या पोरानं मारला असता. आमच्या वयाच्या लोकांना मात्र जरा बघून खेळावं लागलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत निम्मा संघ गावाला गेला होता. जाधवांनीच मला फोन केला, "अहिरे येतील का?" ते मी सांगायच्या आधीच पांढरे कपडे इस्त्री करून बसले होते, असं वहिनींनी नंतर सांगितलं.

समोर अंबडचाच संघ होता, माणसं बरीचशी नवी. जाधवांनी मोठ्या मनानं दहाव्या ओव्हरला बॉल त्यांच्या हातात दिला. अहिरेंनी टोपी अंपायरला दिली आणि सांगितलं, "उजव्या हातानं, या बाजूनं." आमची केस पिकलेली माणसं स्लिपमध्ये उभी राहून एकमेकांकडे बघायला लागली. पहिल्या ओव्हरला तीन रन गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यातल्याही काहींनी. दुसऱ्या ओव्हरला एकानं उंच मारला आणि जाधवांनी सीमारेषेजवळ झेल घेतला. सगळे धावत अहिरेंकडे गेले. ते जागचे हलले नाहीत. उजव्या हाताकडे बघत होते.

ते बघणं मला आवडलं नाही. मी कीपर आहे, बॉलरचा चेहरा सगळ्यात समोरून मी बघतो. इतके महिने त्यांनी त्या हाताकडे कधी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या ओव्हरचे तीन बॉल नीट पडले. चौथा माझ्या डोक्यावरून गेला.

मैदानात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. होतो एखादा वाईड. अहिरे आणि मी, आम्ही दोघंच एकमेकांकडे बघत उभे होतो. पुढचा बॉल पायाशी पडला. त्याच्या पुढचा दुसऱ्या स्लिपकडे गेला. जाधव धावत आले. हळूच म्हणाले, "हात दुखतोय म्हणून सांगा. मी अंपायरला सांगतो, बाकीचे बॉल दुसरा टाकेल."

"हात दुखत नाही," अहिरे म्हणाले.

"अहो, सांगायला काय जातंय?"

"दुखत नाही, जाधव."

ओव्हर संपवायला तीन बॉल हवे होते. ते पडेनात. वाईडमागून वाईड. अंपायरचे हात पसरून पसरून दमले. सुरुवातीला त्यांच्या तंबूत हसले, मग शांत झाले. वीस मिनिटं झाली असतील. अहिरे प्रत्येक वेळी मागे चालत जात होते, वळत होते, धावत येत होते. थांबत नव्हते.

शेवटी समोरच्या बॅट्समननं एक गोष्ट केली. कारखान्यातला साधा माणूस, मी त्याचं नावही कधी विचारलं नाही. स्टंपांपासून लांब चाललेल्या बॉलमागे तो धावत गेला आणि हात लांबवून त्याला बॅट लावली, म्हणजे तो बॉल वाईड न ठरता मोजला जावा. पुढचा त्यानं क्रीजमधून चार पावलं बाहेर येऊन अडवला. तिसऱ्याला तर जवळजवळ आडवा झाला. एकही रन घेतला नाही. ओव्हर संपली.

अहिरे त्याच्याजवळ गेले. "उपकार केलेत, भाऊ," म्हणाले.  त्यानं मान खाली घातली आणि खेळपट्टी ठोकत बसला.

अहिरेंनी टोपी घेतली, फाइन लेगला जाऊन उभे राहिले. मॅच संपेपर्यंत एकही बॉल त्यांनी हातातून जाऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी भिंतीपाशी गेलो. आठवडाभर जात राहिलो. ते आले नाहीत. घरी गेलो तर चहा दिला, मुलीच्या नोकरीचं बोलले, क्रिकेटचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

निवृत्त झाल्यावर दोघं नामपूरला भावाकडे राहायला गेले. जाताना भेटून गेले असं नाही. दुकान बंद होतं त्या दिवशी, असं फोनवर म्हणाले.

गेल्या मे महिन्यात सटाण्याला एका लग्नाला गेलो होतो. जेवण झाल्यावर राहवलं नाही, जीप धरून नामपूर गाठलं. विचारत विचारत भावाच्या मळ्यात पोचलो. अंगणात कांद्याचा मोठा ढीग होता, साठवणीच्या कांदाचाळीत भरण्याआधीची निवड चालू होती. अहिरे ढिगाशेजारी पोत्यावर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. बनियन, डोक्याला रुमाल. चांगला कांदा पाटीत ठेवायचे आणि सडका, फुटका डाव्या हातानं मागे न बघता दूरच्या घमेल्यात टाकायचे. घमेलं वीस पावलांवर असेल. कांदा वर जायचा, हवेत जरा जास्तच वेळ राहायचा आणि घमेल्याच्या मधोमध पडायचा. मग दुसरा. मग तिसरा. बोटं अलगद उघडत होती. ते भावजयीशी पाण्याच्या टँकरबद्दल काहीतरी बोलत होते, हाताकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

मी फाटकाशी उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. वाटलं, असंच मागच्या मागे निघून जावं.

तेवढ्यात सुनंदावहिनी घरातून बाहेर आल्या आणि मला बघून हरखल्या. "अहो, बघा तरी कोण आलंय! नाशिकचे पाहुणे!"

अहिरे वळले. हातात एक सडका कांदा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मी जिकडे बघत होतो तिकडे, घमेल्याकडे. मग स्वतःच्या हाताकडे.

"या, कीपरभाऊ," म्हणाले. उठले, घमेल्यापर्यंत चालत गेले आणि तो कांदा वाकून आत ठेवला.

चहा झाला, गप्पा झाल्या. तासभर मी तिथे होतो. मधून मधून त्यांचं निवडणं चालूच होतं. दर सडक्या कांद्याला ते उठत, चालत जात, वाकून ठेवत आणि परत येऊन बसत.